टक्केवारी आणि कौल : एका प्रतिक्रियेला उत्तर

२०२२ च्या इस्रायली निवडणुकीचा निकाल किमान मतांच्या अटीने कसा फिरवला, या माझ्या लेखावर आपण लिहिता, “टक्केवारीचे खेळ दाखवून तुम्ही इस्रायली जनतेचा कौल झाकता. लोकांनाच पॅलेस्टिनींशी शांतता नको आहे. आधी अभ्यास करा, मग लिहा.” शेवटचे वाक्य गाळले असते तरी मुद्दा कमी झाला नसता. १९९२ पासूनच्या क्नेसेटच्या, म्हणजे इस्रायली संसदेच्या, प्रत्येक निवडणुकीचे निकाल मी पक्षवार मांडून पाहिले आहेत. अभ्यासाचा सल्ला मला नको. चूक एक झाली, ती मान्य : २०२२ मध्ये मेरेत्झ या डाव्या, शांततावादी पक्षाला ३.१ नव्हे, ३.१६ टक्के मते होती. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तो ‘खेळ’. अख्खा इस्रायल एकच मतदारसंघ आहे. १२० जागा मतांच्या प्रमाणात वाटतात, पण ३.२५ टक्क्यांखाली राहिलेल्या पक्षाच्या वा आघाडीच्या यादीची मते वाटपात धरतच नाहीत. २०१४ पर्यंत ही अट २ टक्के होती. तीच राहिली असती तर मेरेत्झ आणि २.९ टक्के मिळवणारा बलद हा अरब पक्ष, दोघेही आत असते. मेरेत्झ सुमारे ४ हजार मतांनी हुकला. दोघांची मिळून पावणेतीन लाखांहून जास्त मते बाद झाली आणि नेतान्याहूंच्या उजव्या आघाडीला ६४ जागा मिळाल्या. हे दोघे आत असते तर तो आकडा साठाच्या आसपास अडला असता. बहुमताला ६१ लागतात. दोन याद्यांनी जागावाटपानंतर उरलेली मते एकत्र धरण्याचा करारही इथे उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही याद्यांनी अट ओलांडली तरच तो लागू होतो.

हे मतदारांनी केले? मजूर पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या मेराव मिखाएली यांनी मेरेत्झबरोबर एकत्र यादी करायला नकार दिला. याद्या दाखल करायच्या शेवटच्या घटकेला बलद आणि हदाश-ताल ही मुख्यतः अरब मतदारांची आघाडी वेगळे झाले. तिकडे स्मोट्रिच आणि बेन-ग्वीर हे अतिउजवे नेते एका यादीवर आले आणि १४ जागा घेऊन गेले.

१९९२ मध्ये नेमके उलटे झाले होते. अट दीड टक्का, आणि वाया गेली ती उजव्या तेहिया पक्षाची मते. मजूर पक्ष ४४, मेरेत्झ १२, शिवाय हदाश आणि अरब डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिळून ५ : बरोबर ६१. मजूर पक्षाचे पंतप्रधान राबिन पॅलेस्टिनींशी झालेल्या १९९३ च्या ओस्लो करारापर्यंत पोचले ते या बेरजेवर. त्याला तुम्ही ‘जनतेचा शांततेचा कौल’ म्हणाल का? नसाल म्हणत, तर २०२२ ला वेगळा न्याय का?

पॅलेस्टिनी राज्याविरुद्धचा जुलै २०२४ चा ६८ विरुद्ध ९ चा ठराव, हमास, गाझा हे तुमचे बाकीचे मुद्दे त्या लेखाच्या विषयात येत नाहीत. पुढच्या वेळी आकडा चुकला असेल तर आकडा दाखवा, माझी लायकी काढू नका.