‘आफ्रिकन’ नावाची भाषा कुठे शिकवतात?

प्रवेशांचा हंगाम आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो. सारांश असा: विद्यापीठात आफ्रिकन भाषा-संस्कृती शिकणं म्हणजे बापाचे पैसे पाण्यात. तिथे सगळे इंग्रजी नाहीतर फ्रेंच बोलतात, बाकीच्या नुसत्या बोली, त्यांना ना व्याकरण ना लिपी. वर आपला त्या खंडाशी संबंध काय आणि नोकरी कोण देणार? यंदा आमच्या काकांनीच तो टाकला, म्हणून हे उत्तर.

आधी ‘आफ्रिकन भाषा’. 54 देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा. त्यातली एक निवडावी लागते: स्वाहिली, हौसा, झुलू, अम्हारिक. योरुबा घेतलीत तर सूर सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. ‘ऑकॉ’ हा एकच उच्चार, पण सूर बदलेल तसा नवरा, कुदळ, गाडी किंवा भाला. (बायकांनी नवऱ्याला कुदळ म्हणायची अशी सोय मराठीत नाही.)

‘सगळे इंग्रजी बोलतात.’ टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात, संसदेतही तीच ऐकू येते. तिथला दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. कुणी सकाळी ‘सा म्बिली’ला बोलावलं, तर शब्दकोश म्हणेल दोन वाजता, पण जायचं असतं आठला. आपल्या घटिका मोजणाऱ्या पणजोबांना हे एका झटक्यात समजलं असतं. नुसत्या इंग्रजीवर जाणारा मात्र दुपारी दोनला पोचतो आणि बंद दार बघून परततो.

व्याकरणाचं तर विचारूच नका. अरबीतला ‘किताब’ स्वाहिलीत गेला आणि ‘किताबु’ झाला. स्वाहिलीत ‘कि’ हा नामांच्या एका वर्गाचा उपसर्ग, त्याचं अनेकवचन ‘वि’. झालं, भाषेने परक्या शब्दाचं पहिलं अक्षर आपलंच समजून अनेकवचन केलं ‘विताबु’. मोठं पुस्तक पडलं: ‘किताबु किकुब्वा किमेआंगुका’. मोठी पुस्तकं पडली: ‘विताबु विकुब्वा विमेआंगुका’. आपण विशेषण आणि क्रियापद शेवटाला बदलतो, ते सुरुवातीला. ह्याला व्याकरण नाही म्हणायचं?

लिपी. इथिओपियात अक्सुम या प्राचीन राज्याचा राजा एझाना याचे गीझ भाषेतले शिलालेख चौथ्या शतकातले आहेत. त्याच लिपीतून आज अम्हारिक लिहितात. प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपं, म्हणजे बाराखडीची सख्खी चुलत बहीण. स्वाहिली आणि हौसा रोमन लिपीआधी शतकानुशतकं अरबी लिपीत लिहिल्या जात होत्या.

आणि हा वाद काही काकांनी सुरू केलेला नाही. 1968मध्ये केनियातल्या नैरोबी विद्यापीठात शिकवणारे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकन भाषा आणि साहित्याचा विभाग काढा, अशी मागणी केली होती. स्वतःच्याच देशात स्वतःचं साहित्य मध्यभागी आणायला भांडावं लागलं.

संबंध विचारलात? खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग 1955पासून आहे, मुंबई विद्यापीठातलं केंद्र 1971चं. परदेशीच जायला हवं असंही नाही.

नोकरीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. नुसत्या स्वाहिलीच्या पदवीवर कंपन्या दारात रांग लावत नाहीत. सोबत कायदा, सार्वजनिक आरोग्य, पत्रकारिता असं काहीतरी हवं. पण बीबीसी 1957पासून हौसा आणि स्वाहिलीत प्रसारण करते, आणि 2022मध्ये आफ्रिकन युनियनने स्वाहिलीला कामकाजाची भाषा केलं, तेव्हा बाजार अगदीच ओस नाही.

हे सगळं ग्रुपवर कोण वाचणार! मी एवढंच टाकलं: काका, स्वाहिलीत ‘गारी’, ‘बिमा’ आणि ‘लाकी’ म्हणजे काय, ओळखा बघू. दहा मिनिटांनी काकांचं उत्तर आलं: ‘गाडी, विमा, लाख. हे तर आपलेच शब्द. तिकडे कसे गेले?’