थ्री-नॉट-थ्री भट्टीत घालण्याआधी

गेल्या दसऱ्याला अमेरिकेतल्या ओहायोहून कोल्हापुरात आलो होतो. दसरा चौकातलं सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं, घरी जेवणं झाली आणि रात्री आम्ही चार-पाच जुने मित्र नेहमीसारखे रंकाळ्याच्या काठावर जमलो. बोलता बोलता पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा विषय निघाला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला निरोप दिला. तशा सगळीकडच्याच कधीतरी जमा होणार, मग त्यांचं करायचं काय? मी म्हणालो, थोड्या तरी राखून ठेवाव्यात. एखाद्या रेंजवर, कडक देखरेखीखाली, नेमबाजी शिकणाऱ्या पोरांना चालवायला द्याव्यात. शिरोलीत फौंड्री असलेला माझा वर्गमित्र मोठ्यानं हसला. "काय भावा, त्या भंगाराचं काय करायचंय! मला दे, वितळवून पंपाच्या बॉड्या ओततो. शेताला पाणी तरी मिळंल." आणि दुसरा, जो सहसा कुणाला तोडून बोलत नाही, म्हणाला, "तिकडं शाळंत गोळीबारात पोरं मरत्यात आणि तू बंदुका गोळा करत बसलायस. कसं वाटतं रे तुला?"

त्या रात्री मला नीट बोलता आलं नाही. ओहायोला परत येऊन आता थँक्सगिव्हिंगही गेलं, तरी ती दोन वाक्यं डोक्यातून जात नाहीत.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. २६/११ ला आपले पोलीस हातात थ्री-नॉट-थ्री आणि काठ्या घेऊन एके-४७ समोर उभे राहिले. तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर काठीच होती. अशा कामावर माणसाला शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्याची रायफल देऊन पाठवणं हा गुन्हा आहे आणि ती पोलिसांकडून काढून घेतली हे उत्तमच झालं. पण त्या दिवशीचा दोष ती रायफल त्यांच्या हातात ठेवणाऱ्यांचा होता. लोखंडाला भट्टीत घालून तो फिटत नाही.

माझ्याकडे आज सहा जुन्या लष्करी रायफली आहेत. पहिली रशियन मोसिन-नागान, २००९ साली शंभर डॉलरच्या आत मिळालेली, नखशिखांत कॉस्मोलिनमध्ये बुडालेली. ते तपकिरी ग्रीस काढायला ती काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून जुलैच्या उन्हात दिवसभर ड्राइव्हवेवर ठेवली होती. शेजारच्यानं विचारलं, काय करतोयस, आणि उत्तर ऐकून घरातून स्वतःचा हेअर ड्रायर आणून दिला. मग एक स्विस के-३१ आली, तिच्या दस्त्याच्या पट्टीखाली ती ज्या सैनिकाला दिली होती त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली. मग एक माऊझर, एक गारांड. आता तीच मोसिन चौपट-पाचपट किमतीला जाते, पण किमतीसाठी हा नाद कुणी करत नाही.

नाद म्हणजे काय हे कोल्हापूरकराला मी समजावून सांगायला नको. पैलवानाला तालमीचा असतो, कुणाला बैलांचा, कुणाला म्हशी पळवण्याचा. जुन्या रायफलीचा नाद तसाच आहे आणि तो हातातून लागतो. रशियन जुनं काडतूस वापरलं की त्याच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा क्षार नळीत उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत आतून गंज धरतो. म्हणून रेंजवरून आलं की आधी चहाला ठेवावं तसं आधण ठेवायचं, नरसाळं लावून नळीतून कढत पाणी सोडायचं, मग सुकं फडकं, मग तेल. हे केल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात तर दारूची भुकटी नसते, कॉर्डाइटच्या काड्या असतात, शेवयांसारख्या लांब, एकाशेजारी एक लावलेल्या. पहिल्यांदा एक काडतूस उघडून पाहिलं तेव्हा मला आमच्या अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या शेवया आठवल्या.

पण या सगळ्यात माझी खरी रायफल एकच. ली-एनफिल्ड नंबर वन मार्क थ्री, म्हणजेच आपली थ्री-नॉट-थ्री, टोकाशी बोथट तोंड असलेली, दहा काडतुसांच्या मॅगझिनची, चार किलोच्या आसपास वजनाची. दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या लोखंडी कड्यावर राजमुकुट आहे, त्याखाली जी.आर.आय. (म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज), मग ईशापूर, मग १९४२. ईशापूर म्हणजे कोलकात्याजवळचा आपला कारखाना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफली बनवणारा. स्वातंत्र्यानंतर तिथल्या रायफलींवरचा मुकुट गेला आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. साठच्या दशकात त्याच बांध्याची रायफल त्यांनी ७.६२ च्या काडतुसासाठी नव्यानं घडवली. माझी मुकुटवाली आहे. लाकडाच्या पोटातून एक आडवा स्क्रू आरपार गेलाय, लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरवाले तो घालायचे. ओहायोतल्या एका गन शोमध्ये टेबलावर ती पडली होती आणि विकणाऱ्याला ईशापूर कुठे आहे हे माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, मग ही तुझीच की.

फौंड्रीवाल्या मित्राला मला एवढंच सांगायचं होतं की, लेका, तुझ्या उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या फिटरला ही दाखव. हिच्या बोल्टच्या मुठीवर आणि बॉडीवर एकच नंबर ठोकलेला आहे, कारण हा बोल्ट याच बॉडीत हातानं बसवलाय. बोल्ट मागच्या बाजूला दोन ठिकाणी टेकतो आणि दोन्हीकडे सारखा टेकला पाहिजे. काडतुसाच्या कडेसाठी जी जागा सुटते ती किमान ०.०६४ इंच आणि जास्तीत जास्त ०.०७४. दहा थाऊचा, म्हणजे इंचाच्या दहा हजारांश भागांचा खेळ, आणि तो युद्धाच्या धामधुमीत, हजारो रायफलींमध्ये सांभाळलेला. बंगालमधल्या कुणा कामगारानं कानशीनं तो बसवला आणि ऐंशी वर्षांनंतरही गेज त्याच मापाला साक्ष देतो. अशा कामाला भंगार म्हणणारा माणूस यंत्रांच्या गावचा आहे, याचं मला वाईट वाटलं.

आता आजोबांचं सांगतो. माझे आजोबा शिरोळ तालुक्यातले. तिकडच्या सैनिक टाकळीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. ते मराठा पलटणीत होते, इटलीला जाऊन आले. त्याच मोहिमेत यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती नावं मी पुस्तकात वाचली. आजोबा इटलीबद्दल कधी बोलले नाहीत. थंडी फार होती, एवढंच म्हणायचे. मी बारा वर्षांचा असताना ते गेले.

त्यांची एक सवय मात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. गोठ्याच्या दाराला लोखंडी बोल्ट होता. आम्ही पोरं तो दोन बोटांनी ओढायचो. आजोबा तळहातानं, दाराकडे न बघता, पुढे ढकलून एका झटक्यात खाली दाबायचे. दर रात्री तसंच. ली-एनफिल्डची कमान बोल्ट उघडताना चढत नाही, तो पुढे ढकलून बंद करताना चढते, म्हणून तिला तळहाताचा तसाच रेटा लागतो. रेंजवर पहिल्यांदा मी तो बोल्ट बंद केला आणि माझ्या उजव्या हाताला आजोबा आठवले. बार काढायच्या आधीच डोळे भरले. मी रायफल खाली ठेवली, रेंज ऑफिसरनं विचारलं सगळं ठीक आहे ना, मी हो म्हणालो. त्यांच्या हातात हीच रायफल होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण खांद्याला बसलेला तो दणका, कानातली ती शीळ, गरम पुंगळीचा वास, यातलं काहीही मला काचेच्या कपाटातून कळलं नसतं.

आपण हत्यारं काचेत ठेवतो. न्यू पॅलेसचं संग्रहालय मला लहानपणापासून प्रिय आहे. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावतो. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. तिघंही कोल्हापूर जिल्ह्यातली! ज्या जिल्ह्यानं नेमबाजीच्या जोरावर जगात नाव काढलं, तिथे ज्या रायफलीनं आपले आजे-पणजे लढले ती कुणाला हातात धरता येत नाही. कायद्यानं .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. सैन्याचं काडतूस रयतेच्या बंदुकीत जाऊ नये ही इंग्रजांची भीती होती, म्हणून आपल्याकडे नागरिकाला .३१५ ची रायफल मिळते. इंग्रज गेले, भीती मात्र आपण जपून ठेवली.

इकडे लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असते, रायफल मूळ स्वरूपात असेल तरच उभं राहू देतात. दोनशे यार्डांवर निशाण, सरोवरावरचा वारा, बाजूला ऐंशी वर्षांचे आजोबा आणि त्यांची नात एकच गारांड आळीपाळीनं चालवतायत. शेवटचं काडतूस सुटलं की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते आणि नात हसते. मला वाटतं, वारसा सांभाळायचा तो असा. माझ्या जुन्या बंदुकांच्या संग्राहकाच्या परवान्याला तीन वर्षांचे तीस डॉलर लागतात, घेतलेल्या प्रत्येक रायफलीची वहीत नोंद ठेवतो, आणि आजवर एकदाही कुणाला माझ्यामुळे खरचटलेलं नाही.

हे मी त्या दुसऱ्या मित्राला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आणि शाळांचं?"

माझी मुलगी बालवाडीत असताना एक दिवस घरी आली आणि म्हणाली, आज आम्ही कपाटात लपलो, दिवे घालवले, टीचर म्हणाली उंदरासारखं गप्प बसायचं. ती पाच वर्षांची होती. त्या रात्री मी तिजोरीचं कुलूप तीनदा तपासलं. पुढचं काडतूस आपोआप भरणारी गारांड सोडली तर माझ्या रायफली प्रत्येक बाराला हातानं बोल्ट ओढायच्या काळातल्या आहेत, शाळांत आणतात त्या बंदुका निराळ्या, हे मी कितीही वेळा सांगू शकतो आणि ते खरंही आहे. पण दुकान एकच आहे, कायदा एकच आहे, आणि मला शनिवारी मजेनं जे करता येतं त्याच सैलपणातून ते दुसरंही घडतं. मित्राच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच त्या रात्री रंकाळ्यावर मी गप्प बसलो होतो, आणि मला राग या निरुत्तर होण्याचाच जास्त होता.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरात कुणाला सांगितलेली नाही. सीएमपी या जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणाऱ्या संस्थेकडून गारांड घ्यायची तर अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. मी शपथ घेतली त्याची कारणं बरीच होती, मुलीचं शिक्षण, नोकरी, आईला भेटायला येताना-जाताना होणारा व्हिसाचा त्रास. पण पासपोर्ट रद्द होऊन हातात परत आला त्याच आठवड्यात मी तो गारांडचा अर्ज भरला. ते काम इतक्या लगबगीनं मी का केलं, हे मला आजही टोचतं. बहुधा काहीतरी सोडल्याचा मोबदला लगेच हातात हवा होता. गारांड उत्तम चालते. मी हात घालतो तो मात्र दरवेळी ईशापूरच्या रायफलीकडे.

खंडेनवमीला बायको तिला झेंडूचं फूल वाहते. हळद त्या आडव्या स्क्रूच्या खाचेत शिरते आणि वर्षभर तिथेच राहते. बाकी सगळं मी तेलानं पुसतो, तेवढी खाच सोडून.

परवा रविवारी फौंड्रीवाल्या मित्राला व्हिडिओ कॉल केला. न बोलता बोल्ट काढला, त्याचे दोन्ही टेकू कॅमेऱ्यासमोर धरले, घासून चकाकलेल्या जागा दाखवल्या. मग गेज टाकून बोल्ट बंद केला. त्यानं चष्मा लावला. "परत दाखव," म्हणाला. परत दाखवलं. "दोन्हीकडं सारखं बसलंय रे," म्हणाला, आणि मग बराच वेळ मला नंबर वाचायला लावत होता, कुठला कशाचा. शेवटी म्हणाला, "पुढच्या खेपंला येताना घेऊन ये की. आमच्या म्हाताऱ्या फिटरला दाखवू."

ती आणता येत नाही हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मी बरं म्हणालो.