पिवळ्या हिरवळीवर युरिया नको, लव्हाळ्यावर मीठ तर नकोच

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: लक्ष्मी विलास पॅलेसच्या गोल्फ कोर्ससारखी हिरवळ हवी असेल तर पिवळेपणावर युरिया टाका, लव्हाळ्याच्या तणावर मीठ मारा आणि गवत जितकं आखूड ठेवता येईल तितकं ठेवा. सोसायट्यांचे माळी हे करू लागलेत, म्हणून लिहितोय.

आधी युरिया. त्यातून गवताला नत्र मिळतं. नत्र कमी पडलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर कमतरता लोहाची आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. बोअरचं कठीण पाणी त्यात भर घालतं. अशा वेळी युरियाने वाढ भराभर होते आणि आहे तेवढं लोह आणखी विरळ होतं. उपाय हिराकसचा, म्हणजे फेरस सल्फेटचा: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. दोन-चार दिवसांत रंग फिरतो. फरशीवर मात्र उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. जानेवारीतल्या थंड रात्रींनी हरळी, म्हणजे हिरवळीचं नेहमीचं गवत, फिकट पडते, ती कमतरताच नव्हे. उन्हाळा लागला की आपोआप सुधारते.

मिठाचा सल्ला सर्वांत घातक. लव्हाळा मुळात गवत नाही. देठ बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतील. त्याचा जीव जमिनीतल्या गाठींत असतो. गाठी मरतील इतकं मीठ घातलं तर हरळीही जाईल, आणि काळ्या मातीत सोडियम साचून पाणी मुरणंच थांबेल. उपटूनही भागत नाही: वरची गाठ तुटली की साखळीतल्या निजलेल्या गाठी फुटतात. उसातल्या लव्हाळ्यासाठी मिळणारं हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल हे तणनाशक हरळीला सोडून त्यालाच मारतं. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो, नवे कोंब आले की लेबलावरच्या मात्रेने पुन्हा.

आखूड कापणी? गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर, गवत ३-४ मिलिमीटर ठेवतात, पण ते टिफड्वार्फसारखं बुटकं संकरित वाण असतं आणि रील मोवरने (कात्रीसारखं कापणाऱ्या फिरत्या पात्यांच्या यंत्राने) जवळजवळ रोज कापलं जातं. साधी हरळी एकदम खरवडली की खालचे तपकिरी देठ उघडे पडतात, जमिनीवर ऊन पोचतं आणि लव्हाळ्याला मोकळं रान मिळतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. फवारणीच्या आधी आणि नंतर दोन दिवस तर यंत्र बाहेरच काढू नका. औषध शोषायला लव्हाळ्याला पानं हवीत.