फळात कीटकनाशक 'सापडलं' म्हणजे ते विष झालं का?

एक संदेश सतत फिरतोय: "प्रयोगशाळेत कीटकनाशक सापडलं की ते फळ विषारी. अहवालात 'आढळले नाही' असेल तरच निर्धोक. आणि प्रयोगशाळा तरी कशाला? ओला कापूस सालीवर घासा, रंग उतरला की समजा औषध मारलंय." त्यामागची काळजी खरी आहे. म्हणूनच या चुका खोडून काढायला हव्यात.

कापसाचं आधी. कीटकनाशकांचे अंश बहुधा डोळ्यांना दिसतच नाहीत. कापसावर उतरतो तो वरून लावलेला रंग. ती भेसळच, पण वेगळी. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातून आत शिरतात, साल घासून ती कशी कळणार?

'सापडलं म्हणजे विषारी' हे तर फारच घाईचं. आजची मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रं किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांतला एक भागसुद्धा मोजतात. प्रश्न असतो किती सापडलं याचा. कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे मालात कायद्याने चालणारा जास्तीत जास्त अंश, ठरते ती शेतातल्या चाचण्यांवरून: लेबलप्रमाणे फवारणी करून, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठेवायचा काळ पाळला तर किती अंश उरतो, यावरून. ती ओलांडली तर नियम मोडला आणि माल अडवलाच पाहिजे. आरोग्याचा हिशेब मात्र वेगळा: प्राण्यांवर दुष्परिणाम न दिसलेली मात्रा, सहसा १०० ने भागलेली, आणि तिच्याशी ताडून पाहायचं ते आपल्या रोजच्या खाण्यातून पोटात जाणारं प्रमाण. लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त खातात, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता उलट बाजू. 'आढळले नाही' याचा अर्थ एवढाच: यादीतली रसायनं, त्या पद्धतीच्या मोजमाप-मर्यादेच्या (खात्रीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) वर, या नमुन्यात दिसली नाहीत. यादीबाहेरचं औषध यंत्र शोधतच नाही. जागच्या जागी तपासणी करणाऱ्या झटपट कार्डांचं तर आणखी अवघड. त्यातली पुष्कळशी कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) कीटकनाशकामुळे किती दबलं ते पाहतात. त्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली औषधं पकडली जातात, पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटांतली निसटतात.

म्हणून कुणी अहवाल दाखवला की तीन गोष्टी विचारा: किती रसायनं तपासली, प्रत्येकाची मोजमाप-मर्यादा काय, नमुना कसा घेतला. मध्यम आकाराच्या फळांचे साधारण दहा नग आणि किमान एक किलो माल एकत्र करून नमुना होतो. एकच सफरचंद तपासून अख्ख्या ढिगाबद्दल काही सांगता येत नाही.