‘मिरांडा’ आडनावावर स्पेनचा पासपोर्ट मिळत नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा सारांश असा आहे : मिरांडा, तोलेदो, मेदिना, कोर्दोबा अशी गावांवरून पडलेली आडनावे ही 1492 मध्ये स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंची आडनावे आहेत, सगळे मिरांडा मूळचे एकाच गावचे आहेत, स्पेन सरकारने अशा पाच हजारांहून अधिक आडनावांची यादी प्रसिद्ध केली आहे, यादीत आडनाव असलेल्याला नागरिकत्व मिळते, म्हणून गोव्यातील आणि वसईतील मिरांडांनी त्वरित अर्ज करावा. वसईतील आमच्या शेजारच्या मिरांडा कुटुंबापर्यंत हा संदेश पोहोचला आणि त्यांचा थोरला मुलगा एका एजंटाला ‘फाइल उघडण्यासाठी’ पंचवीस हजार रुपये द्यायला निघाला. त्यामुळे यातील दाव्यांचा समाचार घेणे भाग आहे.

सर्वांत घातक दावा यादीचा आहे. अशी कोणतीही सरकारी यादी नाही. 2014 मध्ये हाकलून दिलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा या याद्या फिरू लागल्या आणि स्पेनच्या न्याय मंत्रालयाने त्याच वेळी त्यांचा इन्कार केला होता. प्रत्यक्ष कायदा, म्हणजे 2015 चा बारावा कायदा, 24 जून 2015 चा आहे आणि तो त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून लागू झाला. अर्जासाठी तीन वर्षांची मुदत होती, ती एक वर्षाने वाढवण्यात आली आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी संपली. ज्या कायद्याखाली अर्ज करायला सांगितले जात आहे, त्याची दारे कधीच बंद झाली आहेत.

ती उघडी होती तेव्हाही आडनाव पुरेसे नव्हते. कायद्याच्या पहिल्याच कलमात पुरावे सांगितले आहेत : स्पेनमधील ज्यू समाजांच्या महासंघाचे, अर्जदाराच्या स्थानिक ज्यू समाजाच्या अध्यक्षाचे किंवा रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे, प्रमाणपत्र, घरात लादिनो किंवा हाकेतिया या स्पॅनिशवर आधारलेल्या ज्यू भाषांचा वापर, जुन्या पद्धतीचा विवाहकरार, आणि आडनाव सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पॅनिश ज्यू, वंशपरंपरेतले असल्याचा सक्षम संस्थेचा सकारण अहवाल. आडनावाला जागा आहे ती एवढीच, आणि सर्व पुरावे एकत्रितपणे तोलायचे होते. याशिवाय स्पेनशी विशेष संबंध दाखवायचा होता, प्रौढ अर्जदारांना भाषेची आणि राज्यघटना-संस्कृतीची अशा दोन परीक्षा द्याव्या लागत, आणि शेवटी स्पेनमध्ये नोटरीपुढे स्वतः हजर राहावे लागे. संदेश लिहिणाऱ्याने हे कलम एकदाही वाचलेले नाही, हे उघड आहे.

गावाचे नाव आडनावात आले की माणूस ज्यू, हा दुसरा दावा तर कोकणातल्या माणसाने क्षणभरही मानू नये. केहिमकर, दिवेकर, पेणकर ही आडनावे आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बांधवांमध्ये आहेत. म्हणून पेणचा प्रत्येक पेणकर बेने इस्राएल ठरत नाही. मिरांडाचेही तसेच आहे. गाव सोडून बाहेर गेलेल्याला नव्या ठिकाणी लोक ‘मिरांडाचा’ म्हणत, मग तो शेतकरी असो, सरदार असो वा व्यापारी.

सगळे मिरांडा एकाच गावचे, हेही खोटे आहे. बुर्गोस प्रांतात एब्रो नदीवर मिरांदा दे एब्रो आहे, नवारात मिरांदा दे आर्गा, सालामांकात मिरांदा देल कास्तान्यार, आणि पोर्तुगालमध्ये मिरांदा दो दोउरू. व्हेनेझुएलातील मिरांदा राज्याला तर हे नाव स्वातंत्र्ययोद्धा फ्रान्सिस्को दे मिरांदा याच्या आडनावावरून मिळाले. त्याचे वडील सेबास्तियान हे कॅनरी बेटांवरून काराकासला आले होते. 1769 च्या सुमारास तिथल्या प्रतिष्ठितांनी त्यांच्या लष्करी पदाला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ‘रक्तशुद्धी’चे, म्हणजे पूर्वजांत ज्यू वा मुस्लिम नसल्याचे, पुरावे सादर केले. ती प्रथा निंद्यच होती; पण मिरांडा आडनाव हाच ज्यू असल्याचा पुरावा मानला जात असता, तर हे कागद चाललेच नसते.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की मिरांदा दे एब्रोमध्ये मध्ययुगात ज्यू वस्ती होती आणि काही सेफार्दी घराण्यांचे हे आडनाव आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे समाजवादी नगरप्रशासक सालोमोन रोद्रिगेस दे मिरांडा हे त्यांपैकी एक; नाझी राजवटीत 1942 मध्ये आमर्सफोर्टच्या छावणीत त्यांचा अंत झाला. परंतु काही ज्यूंचे आडनाव मिरांडा होते, यावरून सगळे मिरांडा ज्यू ठरत नाहीत.

गोव्याबाबतचा दावा आणखी पोकळ आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव घेण्याची तिथे रीत होती, त्यामुळे आडनाव आणि रक्त यांचा संबंध तिथेच तुटतो. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या लोटलीच्या घराण्याचे मूळ आडनाव सरदेसाई असल्याचे सांगितले जाते. गोव्यात खरोखर ज्यू वंशाचे लोकही आले होते. वैद्य गार्सिया द ऑर्ता हे त्यांतले सर्वांत ठळक. पण त्यांच्या कुळाची माहिती इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कागदपत्रांतून मिळते, आडनावावरून नव्हे.

एजंट यात पोर्तुगालची गोष्ट मिसळतात, तो घोळही दूर व्हावा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंदणीचा मार्ग आहे, पण तो जन्मस्थळावर चालतो. त्यासाठी कामत आणि मिरांडा सारखेच. वसई 1739 मध्येच पोर्तुगीजांच्या हातून गेली, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वसईत राहिलेल्या कुटुंबाला हा मार्गही लागू नाही. ज्यांना तो लागू आहे त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. पंचवीस हजार मागणाऱ्या एजंटाने त्या मुलाला हे कलम सांगितलेच नव्हते.