क्षेत्राआधी रोजचं काम बघा
"आवडीचं क्षेत्र निवडा" हा सल्ला नवपदवीधरांना अर्धाच उपयोगी पडतो. क्षेत्र कितीही आवडलं तरी दिवसाचे आठ तास जातात ते कामात. डेटा अ‍ॅनालिस्टचंच घ्या: आकड्यांवरून अंदाज बांधणारी मॉडेल बनवणं कमी, एकच तारीख तीन तऱ्हांनी लिहिलेल्या एक्सेल शीट्स साफ करणं जास्त. म्हणून एकाच पदाच्या 20 जाहिराती उघडा आणि त्यातली फक्त क्रियापदं उतरवून काढा. जे काम निम्म्याहून जास्त ठिकाणी दिसतं, ते आठवडाभर घरी करून बघा. कंटाळा येणार असेल तर अर्ज पाठवण्याआधीच कळलेलं बरं! पगाराच्या वार्षिक आकड्याने हुरळू नका, त्यात बरेचदा बदलता बोनसही धरलेला असतो. दरमहा हातात किती पडणार, हे लेखी विचारा. पहिले सहा महिने शिकवणार कोण, हेही.