एकदा तरी पिल्लं होऊ द्या की!

परवा चिंगीला फिरवायला निघाले तर शेजारच्या काकूंनी गेटवरच अडवलं. "ऑपरेशन करताय म्हणे हिचं? अगं, एकदा तरी पिल्लं होऊ द्या की! पाप लागतं." दोन महिन्यांत हे सातव्यांदा ऐकलं. म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकते.

चिंगी आमची गावठी कुत्री, वय साधारण दहा महिने. ऑपरेशन म्हणजे तिची नसबंदी. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना मंडईमागे पोत्यात चार पिल्लं सापडली. चारही माद्या. नर कुणीतरी आधीच उचलून नेले असणार. त्या चौघींसाठी मी किती फोन केले! "कुत्री नको बाई, कुत्रा असेल तर सांगा." दोघींना कशीबशी घरं मिळाली, एक पार्वोने (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) गेली, ही राहिली. आज मातृत्वाचा कळवळा आलेल्यांपैकी एकानेही तेव्हा पिल्लू नेलं नव्हतं. काकूंनीसुद्धा नाही.

पण मी मुळात का घाबरते, ते आमच्या राणीमुळे. राणी म्हणजे पांढरी पामेरियन (आपण ज्यांना पामेरियन म्हणतो त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, असो). तिचं ऑपरेशन आम्ही केलं नाही. घरातली, बाहेर जात नाही, मग कशाला? आठव्या वर्षी, हीट (माजावर येण्याचा काळ) संपून महिना-दीड महिना झाला असेल, ती वाटीमागून वाटी पाणी प्यायला लागली. खाणं कमी. उन्हाळा होता, आम्ही उन्हावर ढकललं. चौथ्या दिवशी सोनोग्राफीत कळलं, गर्भाशय पूने भरलंय. पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद असल्यामुळे बाहेर थेंबही दिसला नव्हता. रात्री ऑपरेशन झालं, पण किडन्या गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी राणी गेली.

नंतर वाचलं की स्वीडनमध्ये कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलंय की ऑपरेशन न झालेल्या साधारण चार-पाच माद्यांमागे एकीला वयाच्या दहा वर्षांआत हा आजार होतो. तेव्हा करायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलाय. खरा घोळ आहे तो कधी करायचं याचा.

जुना हिशोब सरळ होता: पहिल्या हीटच्या आधी उरका. 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासात स्तनांच्या गाठींचा धोका, ऑपरेशन न केलेल्या माद्यांच्या धोक्याच्या तुलनेत, पहिल्या हीटआधी ऑपरेशन केल्यास अर्धा टक्का, एका हीटनंतर 8 टक्के आणि दोन किंवा जास्त हीटनंतर 26 टक्के एवढाच आला होता. हे आकडे अजून सगळीकडे फिरतात. पण 2012 मध्ये असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले गेले, तेव्हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं निघालं. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास मांडला. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचा त्रास वाढतो. हाडांची वाढ वेळेवर थांबवायला ऑपरेशनने बंद होणारी लैंगिक संप्रेरकं लागतात. लहान जातींत हा फरक फारसा दिसला नाही. शिवाय काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तेव्हा लॅब्रॅडॉरवाल्यांनी आमचं बघून तारीख ठरवू नये.

आमच्या सतरा किलोच्या सडपातळ चिंगीचं सहाव्या महिन्यात करा, असं डॉक्टर म्हणाले होते. मीच टाळलं. टेबलावरची राणी डोळ्यांसमोरून जाईना. आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी फरशीवर लाल ठिपके!

सासूबाई म्हणाल्या, "आता हिलाही बाजूला बसवायचं का?" हसून पुरेवाट झाली. पण मुळात ती आपल्यासारखी पाळी नसतेच. बाईचं रक्त गर्भ न राहिल्यावर जातं. कुत्रीचं बीज सुटण्याच्या आधी जातं. साधारण नऊ-दहा दिवसांनी रक्त फिकं होतं, आपण हुश्श करतो, आणि गाभण राहण्याचा खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. आमच्या गेटवर पाच कुत्रे रात्रभर मुक्कामी होते. त्यातल्या एकाचा कान कापलेला, म्हणजे नगरपालिकेच्या नसबंदीतून आलेला. तरी हजर! मिस्टर, जे आजवर "निसर्गात ढवळाढवळ नको" म्हणत होते, ते पहाटे तीनला काठी घेऊन अंगणात.

हीट संपल्या संपल्या ऑपरेशन करत नाहीत. गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्रावाची भीती जास्त. दोन-तीन महिने थांबायचं. म्हणून आता मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतलीय. रक्ततपासणी झाली, नॉर्मल आहे. नंतर वजन वाढतं म्हणून सासऱ्यांना आत्ताच सांगून ठेवलंय: बिस्किटं बंद.

काकूंना मी एवढंच विचारलं, पिल्लं झाली तर तुम्ही किती नेणार? म्हणाल्या, "आमच्याकडे कुठे गं जागा!"

कुणाकडे दोन-तीन वर्षांच्या मुलाचे जुने बनियन असतील तर प्लीज सांगा. टाके चाटू नयेत म्हणून घालायचेत. ती गळ्यातली शंकूची कॉलर आणली होती, ती चिंगीने घरी येईपर्यंत रिक्षातच खाल्ली.